मथुरेचा पान्हा

गोठ्याच्या दारावर थाप पडली तेव्हा मी म्हशीखाली उकिडवा बसलो होतो आणि माझ्या अंगावर बायकोचं पातळ होतं.

"आबा, दार का लावलंय आतून?"

माझी मुलगी स्मिता आदल्या रात्री न्यूझीलंडहून आली होती. एवढ्या प्रवासानं दमलेली पोरगी ऊन वर येईपर्यंत उठायची नाही, असं मी धरून चाललो होतो. तिकडची सकाळ आणि आपली सकाळ एक नसते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चरवी अर्धी झाली होती. मथुरेनं कान टवकारले, मागचा पाय उचलून पुन्हा ठेवला, आणि बोटांतली धार एकदम बारीक झाली.

"आलो," मी म्हणालो. "दार वाजवू नको. बुजती ती."

पातळ कसंबसं सोडलं, गोळा करून गव्हाणीमागं कोंबलं आणि कडी काढली. स्मितानं चरवीत डोकावून विचारलं, ही आता एवढंच दूध देते का. आज तिच्या मनात नाही, असं मी सांगितलं. माझे हात थरथरत होते. तिला वाटलं वयामुळं. गुरुवारी आपल्याला निघायचंय, तिथं चांगल्या डॉक्टरांना दाखवू, असं ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

त्या गुरुवारचीच मला धास्ती होती.

हे सगळं कशापायी, ते आधी सांगतो. मथुरा नवरात्रात व्याली आणि तिचं पारडू आठवड्याच्या आत दगावलं. पारडू नसलं की म्हैस पान्हा चोरते, म्हणजे दूध कासेतच धरून ठेवते. माझा धाकटा भाऊ निवृत्ती म्हणाला, पारड्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं उभं करू, चाटत राहील. विजयमालेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते करू दिलं नाही. मेलेल्या लेकराचं सोंग आईपुढं उभं करायचं नाही, म्हणाली. ती स्वतःच मथुरेजवळ जाऊन बसायला लागली. पाठीवरून हात फिरवायची, घरातल्या कटकटी सांगायची, माझ्या तक्रारी करायची. मी बाहेरून ऐकायचो. काही दिवसांनी मथुरेनं तिला पान्हा सोडला. फक्त तिलाच. मी जवळ गेलो तर लाथ.

दिवाळी झाली आणि विजयमाला गेली.

तिचे दिवस होईपर्यंत आळीतल्या सगळ्या बायकांनी मथुरेच्या कासेला हात लावून पाहिला. कुणालाच तिनं दूध दिलं नाही. कास दगडासारखी झाली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देतो, पण ते एकदा सुरू झालं की रोजचंच होतं, म्हणून मी नको म्हणालो. अशाच एका पहाटे गोठ्यातल्या खुंटीवर विजयमालेचं पातळ दिसलं. शेणाघाणीचं काम करताना नेसायचं, जुनं, हिरवं. मी ते पायजम्यावरून गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून बसलो. मथुरेनं पदर हुंगला. बराच वेळ हुंगला. मग धार लागली.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ, आतून कडी लावून, मी ते पातळ नेसत होतो. गावात कळलं असतं तर डेअरीच्या रांगेत उभं राहायची सोय उरली नसती.

आणि त्यात मी स्मिताला फोनवर हो म्हणून बसलो होतो. जावयानं नोकरीतून मोठी रजा काढली होती. झोपायची सोय असलेली मोठी गाडी घेऊन सगळ्यांनी तो देश फिरायचा, असा बेत होता. जावयाचे आईवडील मुंबईहून परस्पर येणार होते. पावसाळा संपेपर्यंत मी तिकडंच राहायचं होतं. पासपोर्ट विजयमालेनं आणि मी मागंच काढून ठेवले होते. स्मिता म्हणाली, या ना आबा, आणि मी हो म्हणालो. माणूस दूर असलं की हो म्हणायला काही लागत नाही. आता ती समोर होती, तिकिटं काढलेली होती.

डेअरीवर माझी थट्टा चालली होती. गाडीतच झोपायचं तर एवढ्या लांब कशाला जाताय, आमच्या ट्रॉलीत या, वर आभाळ पण दिसेल, असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, तिथं म्हशी आहेत का? गायीच आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, मग चहा कशाचा पिणार, लवकर परत याल. मी हसलो.

शेताची काळजी नव्हती. उसाला पाणी द्यायचं, घराची किल्ली सांभाळायची, ते निवृत्ती करणार होता. अडलं होतं ते मथुरेपाशी. तिची धार काढायला निवृत्तीची बायको शालन तयार होती. शालनचा हात चांगला. तिच्या स्वतःच्या दोन म्हशी शेजारच्याच गोठ्यात, आमची भिंत एक. पण मथुरा पान्हाच सोडत नसेल तर चांगला हात काय करणार? दूध कासेत राहिलं की कास सुजते, नाहीतर म्हैस आटते. आटलेली म्हैस निवृत्ती किती दिवस पोसेल? बाजारात भाकड म्हैस उभी केली की तिला कोण घेऊन जातं, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. आणि ही विजयमालेनं वाढवलेली म्हैस. पारडू होती तेव्हा थंडीत तिच्या अंगावर स्वतःची वाकळ टाकायची ती.

शालनच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. आता हे कुणी पाळत नाही, पण शालन जुन्या वळणाची. लग्न होऊन आल्यापासून माझ्यापुढं तिचा पदर डोक्यावर आणि तोंड बंद. मला काही सांगायचं असलं की ती विजयमालेला सांगायची, "अक्का, त्यास्नी म्हणावं ताट वाढलंय," आणि मी शेजारी बसून ऐकायचो. विजयमाला गेल्यावर मधे कुणी उरलं नाही. मग ती भिंतीला सांगायची, कोंबड्यांना सांगायची. "कोंबड्यांनो, डेअरीची गाडी आज लवकर आलीया." कोंबड्या दाणे टिपत राहायच्या आणि मी चरवी उचलायचो.

माझं नेसणं लपवूनही मला निवृत्तीकरवी नुसतं सांगता आलं असतं, की शालनला म्हणावं अक्काचं गोठ्यातलं पातळ नेसून बघ. तेवढ्यानं काम झालं असतं. मी सांगितलं नाही. ते पातळ दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघायची माझी तयारी नव्हती.

स्मिता आल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी शालन आली. कोमट पाण्यानं कास धुतली, सडांना तूप लावलं, खाली बसली. मी खांबाला टेकून उभा होतो. निवृत्ती दारात. शालननं बराच वेळ प्रयत्न केला. चरवीच्या बुडाला चार थेंब पडले असतील. मथुरा मान वळवून सारखी मागं बघत होती.

"काय गं, माझा हात टोचतो व्हय तुला?" शालन तिला म्हणाली. "माझ्या दोघी तर तक्रार करत न्हाईत."

"दादा, हिचा तुमच्यासंगं विमानात बसायचा बेत दिसतोय," निवृत्ती म्हणाला. "हिचंबी तिकीट बघा."

मला वाटलं, मथुरा दाराकडं बघते आहे. विजयमाला त्या दारानं यायची.

दोघं गेल्यावर मी कडी लावून पातळ नेसलो आणि काढायचं तेवढं दूध काढलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मथुरेनं लाथ मारून चरवी उपडी केली. स्मिता माझ्या बॅगेत लोकरीचे कपडे भरत होती, गोळ्या भरत होती, चटणीच्या पुड्या बांधत होती. माझं लक्ष नाही हे तिला दिसत होतं. जेवताना ती म्हणाली, आबा, म्हैस विकून टाका, चांगल्या घरी द्या. दुसऱ्याच्या घरीसुद्धा ती दूध देणार नाही आणि मग ते घर चांगलं राहणार नाही, असं मी सांगितलं.

त्या रात्री मी ठरवलं, पातळ शालनला द्यायचं. दुसरा काही रस्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात गेलो तर गोठा झाडून लख्ख केलेला. गव्हाणीमागं हात घातला. काही नव्हतं. बाहेर आलो तर पातळ अंगणात तारेवर वाळत होतं.

"आईचं पातळ गव्हाणीमागं पडलं होतं," स्मिता म्हणाली. "किती घाण झालं होतं. भिजत घालून धुतलं."

मी तारेजवळ जाऊन पदर नाकाला लावला. साबणाचा वास. त्याखाली काहीच नाही.

"काय झालं आबा?"

"न्हाई. काही न्हाई."

"मी ते तिकडं न्यायला धुतलंय. तिच्या सगळ्या चांगल्या साड्या तुम्ही वाटून टाकल्यात. मला तिचं काहीतरी हवं होतं."

तिच्यावर रागवायचं कसं? बारसं, लग्न, दिवाळी, आईच्या प्रत्येक साडीची तिला आठवण असणार, आणि मी त्या देऊन बसलो होतो. राहिलेलं हे एक तिनं उचललं. मी म्हणालो, बरं केलंस.

संध्याकाळी मी शालनला येऊ नको म्हणून निरोप पाठवला आणि एकटाच गोठ्यात गेलो. पातळ नाही, पदर नाही. पायजमा आणि बंडी घातलेला मी म्हातारा माणूस. मथुरेजवळ बसलो आणि म्हणालो, "आज मीच हाय गं." कासेला हात लावला. पाय सावरून ठेवला होता, लाथ बसली तर मागं सरता यावं म्हणून.

मथुरेनं पान्हा सोडला.

नेहमीसारखा. कदाचित जास्तच. चरवीत फेस चढत गेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मला वाटलं, ही विजयमालेला विसरली. कधी विसरली ते मला कळलंसुद्धा नाही. पातळाची गरज हिला कधीच सरली होती आणि मी आपला रोज नेसत होतो. दूध काढून झालं तरी मी तिथंच बसून राहिलो. मग दुसरा विचार आला आणि त्यानं मी जास्तच घाबरलो. मथुरा आता फक्त मला दूध देत होती. मी गेलो तर तिला देण्यासारखं काहीच मागं ठेवून जाता येणार नव्हतं.

घरात आल्यावर मी स्मिताला सांगितलं, की मी येत नाही.

तिला आधी ते खरं वाटलं नाही. मग तिनं विचारलं, "म्हशीसाठी?"

"व्हय."

ती भांडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली आणि पाटाकडं बघत बोलायला लागली. आई गेली तेव्हा ती विमानात होती. वाटेत कुणी सांगू शकत नव्हतं. मुंबईला उतरल्यावर रांगेत उभं राहून तिनं फोन चालू केला, तेव्हा तिला कळलं. आजूबाजूला सगळे लोक बॅगा शोधत होते.

"आबा, तुमच्या बाबतीत मला तसा फोन चालू करायचा नाही," ती म्हणाली. "म्हणून न्यायला आले. फिरायचं वगैरे आम्ही नंतर ठरवलं, तुम्ही नाही म्हणू नये म्हणून."

ती उठून आत गेली. माझी बॅग तिनं उघडली नाही आणि भरलीही नाही.

सकाळी मी गोठ्यात शिरतो तोच शालन मागोमाग आली. येऊ नको म्हणून सांगितलेलं होतं, तरी आली. हातात चरवी, पदर पार कपाळापर्यंत. स्मिता तिच्याकडं जाऊन रडली असणार. शालन माझ्याकडं न बघता मथुरेपुढं जाऊन उभी राहिली.

"मथुरे, तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "ह्या भिंतीतली एक वीट पडलीया. पलीकडं माझ्या म्हशी असत्यात. तुझ्या कासेपाशी पदर घेऊन कोण बसतंय, ते मला पहिल्या दिवसापासनं दिसतंय."

माझे कान तापले. मी दावणीचा दोर धरून उभा राहिलो.

"मी कुणाला बोलले न्हाई. घरच्या माणसालाबी न्हाई. त्यात बोलण्यासारखं काय हाय? पर तू ह्यांना फसवू नगंस. तू अक्काची वाट बघत न्हाईस आता. तू ह्यांची वाट बघतीस. मी खाली बसणार, हे खांबाला टेकून उभं ऱ्हाणार, आणि तू मान वळवून ह्यांच्याकडंच बघणार. मग माझ्या हाताला काय लागायचं?"

एवढं बोलून ती थांबली. मथुरा रवंथ करत होती. मग शालन वळली. पदर तसाच होता, पण बोलणं माझ्याशी होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भावजी, तुम्ही भाईर जा."

मी हललो नाही.

"दारात न्हाई. लांब जा. वड्यापातूर जा. तुमचा वास आला, आवाज आला, तरी ती धरून ठेवंल."

मला जाता येत नव्हतं. ते का, हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला नाही, स्मिताला नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात विजयमालेनं माझं बोट धरलेलं होतं. एक नर्स आली आणि म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर थांबा. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. सांगितलं म्हणून बसलो. दार काचेचं होतं, पण आत पडदा. मला पुन्हा आत बोलावलं तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. माझं बोट त्यात नव्हतं.

"मागं असाच भाईर गेलो होतो," मी शालनला म्हणालो. एवढंच म्हणालो.

शालननं तोंडावरून पदर फिरवला. तिला ते कळलं होतं. आमच्या घरातलं न बोललेलं सगळं तिला कळत असे, ती बोलत नसे म्हणून.

"ही मरणाला टेकलेली न्हाई, भावजी," ती म्हणाली. "हिला नुसतं दूध द्यायचं हाय. जावा तुम्ही."

मी गेलो. ओढ्याला पाणी नव्हतं, नुसते दगड. गावाकडं पाठ करून मी एका दगडावर बसलो. काही ऐकू येण्याइतका मी जवळ नव्हतो, तरी कान मागंच होते. वाटलं, उठून जावं. वाटलं, एव्हाना तिनं लाथ मारली असेल, शालनला लागलं असेल. वाटलं, स्मितानं तिकीट रद्द केलं असेल तर बरं होईल. कुणीतरी वाटेनं येताना दिसलं की मी दगडावरून अर्धा उठायचो. ऊन पाठीवर चढलं तरी मी बसून होतो.

डेअरीची वाट ओढ्यावरून जाते. शालन त्या वाटेनं आली, डोक्यावर पदर, काखेत किटली. मला बघून तिची चाल जरा मंद झाली. माझ्याशी बोलायची जेवढी मुभा तिनं घेतली होती ती बहुतेक संपली होती.

"किटले," ती म्हणाली, "आज निम्मंच भरलीस. उद्या सगळी भरशील. आज जरा रडलीस."

आणि ती पुढं गेली. मी तिथंच बसून होतो. डोळे पुसायला माझ्याजवळ टॉवेलही नव्हता.

याला आता बरीच वर्षं झाली. त्या सकाळनंतर गुरुवारपर्यंत मी गोठ्याकडं फिरकलो नाही. शालननं निरोप धाडला होता, अंगणातसुद्धा खोकायचं नाही. धारेच्या वेळेला मी शेतात जायचो. निवृत्ती म्हणायचा, दादा, तुम्हाला घरातनं हाकललंय की काय. स्मितानं बॅगेत राहिलेलं सामान भरलं. शालनशी काय बोलणं झालं ते तिनं मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वाळलेलं पातळ घडी करून तिनं स्वतःच्या बॅगेत ठेवलं.

गुरुवारी गाडी आली ती संध्याकाळी, नेमकी धारेच्या वेळेला. निवृत्तीनं बॅगा चढवल्या. आळीतली माणसं गोळा झाली, कुणी नारळ दिला, कुणी लाडू दिले. शालन तेवढी आली नाही.

"मथुरेला भेटून येता का?" स्मितानं विचारलं. "आपल्याला थोडा वेळ आहे."

मी मान हलवली. नाही म्हणून.

गाडीची वाट गोठ्याला लागूनच होती. ड्रायव्हरला मी खुणेनं सांगितलं, हॉर्न वाजवू नको. गोठ्याजवळ आल्यावर गाडी हळू झाली आणि आतून धारेचा आवाज आला, चरवी भरत आली की येतो तसा, जड. स्मिता काहीतरी विचारायला माझ्याकडं वळली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि तिला गप्प केलं. माझा आवाज मथुरेला ओळखू आला असता.

गाव मागं पडेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.